मान, मूळ आणि शून्य : एका गणिती प्रश्नाच्या तीन नावांचा इतिहास

१

एखाद्या बीजगणिती पदावलीतील अज्ञात राशीला कोणती किंमत दिली असता ती पदावली शून्य होते, हे शोधून काढण्याच्या कृतीचा निर्देश मराठीत आज तीन प्रकारे केला जातो. 'अज्ञाताचे मान काढणे', 'समीकरणाची मुळे काढणे' आणि 'फलनाची शून्ये काढणे' हे ते तीन प्रयोग होत. वर्गात हे तिन्ही प्रयोग समानार्थी म्हणून वापरले जातात आणि साध्या उदाहरणांत त्यांचे उत्तरही एकच येते. त्यामुळे भेद केवळ शब्दांचा आहे, वस्तूचा नाही, अशी समजूत सहज होते.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. गणितात नवे काही सांगण्याचा त्याचा अधिकार नाही. तथापि शब्दांच्या इतिहासाचा मागोवा घेता असे दिसून येते की, ही तीन नावे तीन निरनिराळ्या कालखंडांत, तीन निरनिराळ्या कल्पनांबरोबर उदयास आली. 'मान' हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. 'मूळ' हे एका समीकरणाचे अंग आहे. 'शून्य' हे एका फलनाचे लक्षण आहे. या तिहींची गल्लत झाली म्हणजे विद्यार्थ्याची अडचण होते, आणि ती अडचण गणिताची नसून भाषेची असते. मराठवाड्यात गणिताच्या शिक्षणाची भाषा एका शतकाच्या आत तीनदा बदलली. तेथे या गल्लतीचा विचार करणे केवळ विद्वत्तेचे कुतूहल नव्हे, तर अध्यापनाची निकड आहे.

२

प्रथम 'मान' या शब्दाकडे वळू. शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या चार भागांपैकी दुसरा भाग 'बीजगणित' हा होय. त्यात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' असे नाव असून 'या' या आद्याक्षराने ती लिहिली जाते. एकाहून अधिक अज्ञाते असल्यास कालक, नीलक, पीतक, लोहितक या वर्णनामांची आद्याक्षरे योजतात. ज्ञात संख्येस 'रूप' म्हणतात व तिचे चिन्ह 'रू' असे आहे. वर्गासाठी 'व' हे अक्षर येते. ऋण संख्येच्या माथ्यावर बिंदू देतात.

या पद्धतीत समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडले जातात. नवव्या शतकातील टीकाकार पृथूदकस्वामी यांच्या लेखनातील एक मांडणी गणितेतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाची आहे. तिच्या वरच्या ओळीत 'याव ०, या १०, रू ८ (ऋण)' आणि खालच्या ओळीत 'याव १, या ०, रू १' अशी पदे येतात. आजच्या भाषेत सांगावयाचे तर दहापट अज्ञातातून ८ वजा केले असता जे येते ते अज्ञाताच्या वर्गात १ मिळविल्याबरोबर आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जे पद नाही त्याच्या जागी शून्य लिहिले आहे. शून्य मांडणीत आहे, परंतु ते एकेका पदाच्या ठिकाणी आहे. एक संपूर्ण पक्षच शून्य करून ठेवावा आणि सर्व पदे दुसऱ्या पक्षात गोळा करावीत, ही रीत मात्र येथे नाही. समशोधन करून अज्ञात एका पक्षात आणि रूपे दुसऱ्या पक्षात आणणे हेच येथील ध्येय आहे. तराजूच्या दोन पारड्यांची ही कल्पना आहे. एक पारडे रिकामे असण्याची नव्हे.

वर्गसमीकरण सोडविण्याच्या रीतीस भास्कराचार्य 'मध्यमाहरण' म्हणतात. अज्ञाताचा वर्ग, अज्ञात आणि रूप या तिहींतील मधले पद नाहीसे करणे, असा त्या नावाचा अर्थ आहे. याची श्रीधराचार्यांनी सांगितलेली युक्ती भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळेच आपणांस उपलब्ध झाली, कारण श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ आज मिळत नाही. ती युक्ती अशी : दोन्ही पक्षांस वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने गुणावे, मग अज्ञाताच्या मूळच्या गुणकाचा वर्ग दोन्ही पक्षांत मिळवावा, असे केले म्हणजे अज्ञाताचा पक्ष पूर्ण वर्ग होतो आणि दोन्हीकडे वर्गमूळ घेता येते. चौपटीने गुणण्याचा लाभ असा की, गुणकाचे अर्ध घ्यावे लागत नाही व अपूर्णांक टळतात. आज शाळेत शिकविले जाणारे वर्गसमीकरणाचे सूत्र म्हणजे याच युक्तीचा आटोपशीर निष्कर्ष होय.

भास्कराचार्यांची दोन उदाहरणे या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिल्यात वानरांचा एक कळप आहे. त्याच्या अष्टमांशाचा वर्ग वनात क्रीडा करीत आहे आणि उरलेले १२ वानर टेकडीवर आहेत. अज्ञात संख्येस 'य' म्हटल्यास य-वर्ग − ६४ य = −७६८ असे समीकरण येते. दोन्ही पक्षांत ३२ चा वर्ग मिळविला म्हणजे (य − ३२) चा वर्ग २५६ होतो. २५६ चे वर्गमूळ १६; ते धन घेतल्यास य = ४८, ऋण घेतल्यास य = १६. दोन्ही उत्तरे प्रश्नाला जुळतात आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आहे व एक वानर फांदीवर दिसतो आहे. येथे य-वर्ग − ५५ य = −२५० असे समीकरण येऊन य = ५० किंवा य = ५ अशी दोन मूल्ये मिळतात. यांपैकी ५ हे उत्तर भास्कराचार्य त्याज्य ठरवितात. पाचाचा पंचमांश १. त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात. ऋण वानरांचा वर्ग गुहेत गेला असे म्हणणे लोकांच्या प्रतीतीस उतरत नाही, हे त्यांचे कारण आहे. अंकगणिताच्या दृष्टीने पाहिले तर −२ चा वर्ग ४, त्यात फांदीवरचा १ मिळविला म्हणजे ५ होतात, समीकरण जुळते. तरीही उत्तर नाकारले जाते.

हे नाकारणे म्हणजे ऋण संख्येविषयीचे अज्ञान, असा आक्षेप कोणी घेईल. पण तो टिकणार नाही. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्येच सांगितले होते आणि भास्कराचार्यांचे बीजगणित त्यांपासूनच सुरू होते. आक्षेपाचे उत्तर शब्दात आहे. भास्कराचार्य जे शोधीत आहेत ते 'यावत्तावत्'चे मान होय. मान म्हणजे माप. आणि माप हे नेहमी कशाचे तरी असते. वानरांचे माप वानरांना लागू पडले पाहिजे. प्रश्नाशी विसंगत असलेली संख्या समीकरणाचे समाधान करीत असली तरी ती 'मान' होऊ शकत नाही. भास्कराचार्यांचा निर्णय त्यांच्या शब्दाशी पूर्णतः सुसंगत आहे.

या परंपरेचा मराठवाड्याशी असलेला संबंध येथेच नमूद केला पाहिजे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला, आणि त्यासंबंधीचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या अखेरीस दानाचा तपशील प्राचीन मराठीत असल्यामुळे तो भाषेच्या अभ्यासकांच्याही नित्य परिचयाचा आहे. परंतु पुढे सोळाव्या शतकात हीच परंपरा गोदावरीच्या खोऱ्यात, पार्थपुरात, भरास आली, याची आठवण त्या मानाने कमी ठेवली जाते. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी. तेथील ज्ञानराज यांनी शके १४२५ मध्ये, म्हणजे १५०३ च्या सुमारास, 'सिद्धान्तसुन्दर' हा ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी शके १४६० (इसवी सन १५३८) मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' ही टीका आणि शके १४६३ (इसवी सन १५४१) मध्ये लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' ही टीका लिहिली. सुलट वाचले असता रामकथा आणि उलट वाचले असता कृष्णकथा सांगणारे 'रामकृष्णविलोमकाव्य' ज्यांनी रचिले, तेच हे दैवज्ञ सूर्यकवी.

हा काळ पाथरीस स्वस्थतेचा नव्हता. त्या परगण्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात तंटा चालू होता. अशा स्थितीत लिहिलेली 'सूर्यप्रकाश' टीका हस्तलिखितांच्या रूपाने दूरवर पोचली. हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा टिपांसाठी त्यांनी ज्या टीकांचा आधार घेतला त्यांत सूर्यदासांच्या टीकाही होत्या.

३

आता 'मूळ' या शब्दाचा विचार करू. आज आपण 'वर्गसमीकरणाची मुळे' असे सर्रास म्हणतो, आणि शब्द संस्कृत असल्यामुळे हा प्रयोगही प्राचीन असावा असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. संस्कृत गणितात 'मूल' म्हणजे वर्गमूल किंवा घनमूल. आर्यभटांच्या इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथात हा शब्द याच अर्थाने येतो आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथातही तसाच येतो. २५६ चे मूळ १६ आहे. परंतु ४८ हे त्या समीकरणाचे 'मूळ' आहे असे भास्कराचार्य म्हणणार नाहीत. ४८ हे मान आहे. मूळ हा मानापर्यंत जाण्याच्या वाटेवरचा एक टप्पा आहे.

मग 'समीकरणाचे मूळ' हा प्रयोग आला कोठून? त्याचा माग बगदादकडे जातो. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्-ख्वारिज्मी यांनी 'जब्र' आणि 'मुकाबला' या दोन क्रियांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. उणे पद दुसऱ्या पक्षात नेऊन भरपाई करणे म्हणजे जब्र. दोन्ही पक्षांतील सजातीय पदे परस्परांशी काटणे म्हणजे मुकाबला. या ग्रंथात अज्ञाताच्या वर्गास 'माल' असे नाव आहे. मराठीत व्यापाऱ्याच्या तोंडी असलेला 'माल' आणि सातबाऱ्याच्या संदर्भात येणारी 'मालमत्ता' यांतील तोच हा अरबी शब्द. त्याचा अर्थ संपत्ती. आणि ज्या राशीचा वर्ग म्हणजे 'माल', त्या राशीस, अर्थात खुद्द अज्ञातास, 'जिज्र' म्हणजे मूळ असे म्हटले आहे. येथे एक सूक्ष्म पण दूरगामी बदल घडला. मूळ ही आता केवळ क्रिया राहिली नाही. ते अज्ञाताचेच नाव झाले. अज्ञात सापडले की 'मूळ' सापडले.

बाराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला. रॉबर्ट ऑफ चेस्टर यांचे भाषांतर ११४५ चे आहे. म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथाच्या केवळ पाच वर्षे आधीचे. 'जिज्र'साठी लॅटिनमध्ये 'राडिक्स' हा शब्द आला. त्याचाही अर्थ झाडाचे मूळ असाच. पुढे युरोपच्या देशी भाषांत त्याची भाषांतरे झाली, इंग्रजीत तो 'रूट' झाला, आणि समीकरणाच्या उत्तरास रूट म्हणण्याचा प्रघात पडला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पुस्तकांवरून मराठी गणिताची पुस्तके तयार होऊ लागली, तेव्हा 'रूट'साठी मराठीत 'मूळ' हा आयता शब्द होताच. तो वर्गमूळ या जुन्या अर्थाबरोबर समीकरणाचे उत्तर हा नवा अर्थही वाहू लागला. शब्द आपला, अर्थ मात्र बगदाद, लॅटिन युरोप आणि लंडन अशी वाट चालून आलेला, असे हे उदाहरण आहे. भाषाशास्त्रात यास अर्थाची उसनवारी म्हणतात. परका शब्द ओळखू येतो. परका अर्थ आपल्या शब्दाचा वेष घेऊन येत असल्यामुळे ओळखू येत नाही.

अरबी-फारसी आणि संस्कृत या दोन प्रवाहांची भेटही येथे नोंदण्यासारखी आहे. अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसी भाषांतर १६३४–३५ च्या सुमारास अताउल्ला रुश्दी यांनी करून शाहजहानास अर्पण केले. हे अताउल्ला ताजमहालाचे स्थपती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. आणि औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा ही वास्तू त्यांच्याच नावावर मोडते. सह्याद्रीच्या परिसरातील आचार्याचे बीजगणित फारसीत नेणारा पंडित पुढे मराठवाड्यात वास्तू उभारण्यास आला, ही घटना आपल्या प्रादेशिक इतिहासात अधिक ठळकपणे यावयास हवी. याच फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रॅची यांनी १८१३ मध्ये बीजगणित इंग्रजीत आणले. म्हणजे कोलब्रुक यांनी संस्कृतावरून केलेले भाषांतर निघण्यापूर्वी चार वर्षे भास्कराचार्य इंग्रजी वाचकांस फारसीच्या मार्गाने भेटले होते.

४

तिसरा शब्द 'शून्य'. संख्या म्हणून शून्याचे नियम या देशात ठरले. परंतु 'पदावलीचे शून्य' ही कल्पना येथे जन्मली नाही. तिचा उगम सतराव्या शतकातील युरोपात आहे. टॉमस हॅरियट यांच्या १६३१ मध्ये, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समीकरणे द्विपदींच्या गुणाकारातून घडविलेली दिसतात. रने देकार्त यांनी १६३७ च्या आपल्या भूमितीविषयक ग्रंथात सर्व पदे एका पक्षात आणून दुसऱ्या पक्षात शून्य ठेवण्याची रीत दृढ केली. ही रीत दिसावयास क्षुल्लक, पण परिणामाने क्रांतिकारक ठरली. वानरांचे पहिले उदाहरण या रीतीने मांडले तर य-वर्ग − ६४ य + ७६८ = ० असे होते, आणि त्याचे अवयव (य − १६)(य − ४८) = ० असे पडतात. गुणाकार शून्य असेल तर गुण्य-गुणकांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे. म्हणून १६ आणि ४८ ही दोन्ही एकाच वेळी, समान अधिकाराने, पुढे येतात. देकार्त यांनीही ऋण मुळांना 'खोटी मुळे' म्हटले हे खरे. पण खोटी म्हणूनही ती त्यांना मोजावी लागली. वर्गमूळ धन घ्यावे की ऋण, एक उत्तर ठेवावे की दोन, हा विचार आता गणित करणाऱ्याच्या विवेकावर राहिला नाही. तो पदावलीच्या रचनेतच बांधला गेला.

पुढे अठराव्या शतकात, विशेषतः ऑयलर यांच्या १७४८ च्या ग्रंथापासून, फलनाची कल्पना केंद्रस्थानी आली. मग य ही एक दडलेली संख्या राहिली नाही. ती बदलणारी राशी झाली, आणि तिच्याबरोबर फलनाची किंमतही बदलू लागली. वरील पदावलीत य ला ० दिल्यास ७६८ येतात, १६ दिल्यास ०, ३२ दिल्यास −२५६, ४८ दिल्यास पुन्हा ०. आलेख काढला तर एक वक्र खाली उतरतो, क्षितिजरेषेस छेदतो, तळ गाठतो, वर चढतो आणि पुन्हा छेदतो. ते दोन छेदबिंदू म्हणजे फलनाची शून्ये. दुसऱ्या उदाहरणात भास्कराचार्यांनी नाकारलेला ५ हा अंकही येथे बिनतक्रार उभा राहतो. फलनास वानरांची वार्ता नसते. उत्तर स्वीकारावे की नाकारावे, हा प्रश्न फलनाचा नसून मानाचा आहे.

'मूळ' आणि 'शून्य' या दोहोंतील भेद मात्र एकोणिसाव्या शतकात खऱ्या अर्थाने उघड झाला. वर्गापलीकडील समीकरणांसाठी सर्वसाधारण नियम नाही, तेथे गणित करणाऱ्याने आपल्या बुद्धीने मार्ग काढावा, असे भास्कराचार्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे आणि अशा युक्तीचे सुंदर उदाहरणही दिले आहे. एका राशीच्या चतुर्घातातून तिच्या वर्गाची दुप्पट आणि त्या राशीची ४०० पट वजा केली असता ९९९९ उरतात, तर ती राशी कोणती? दोन्ही पक्षांत वर्गाची चौपट, राशीची ४०० पट आणि १ एवढे मिळविले की एका बाजूस (य-वर्ग + १) चा वर्ग व दुसऱ्या बाजूस (२ य + १००) चा वर्ग असे दोन पूर्ण वर्ग समोरासमोर येतात, आणि मूळ घेऊन राशी ११ निघते. आजच्या दृष्टीने −९ हेही त्या फलनाचे शून्य आहे. भास्कराचार्य ते सांगत नाहीत.

सूर्यदासांच्या टीकेनंतर अवघ्या सात वर्षांनी, १५४५ मध्ये, इटलीत कार्दानो यांच्या ग्रंथात घन आणि चतुर्घात समीकरणांचे सर्वसाधारण उपाय प्रसिद्ध झाले. त्यानंतर पंचघाताचा शोध जवळजवळ तीन शतके चालला. अखेर १८२४ मध्ये नॉर्वेचे तरुण गणिती आबेल यांनी सिद्ध केले की, सर्वसाधारण पंचघात समीकरण केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मूळ काढणे एवढ्या क्रियांनी सोडविताच येत नाही. कोणते समीकरण सुटते व कोणते सुटत नाही, याची कसोटी १८३२ मध्ये अकाली मरण पावलेल्या गाल्वा यांनी दिली.

उदाहरणार्थ, य च्या पंचघातातून य आणि १ वजा केले असता होणारे फलन घ्या. य = १ असता त्याची किंमत −१ आहे, य = २ असता २९ आहे. म्हणजे १ आणि २ यांच्या दरम्यान कोठेतरी वक्र क्षितिजरेषेस छेदतोच. शून्य निश्चित आहे. परंतु वर्गमूळ, घनमूळ, पंचमूळ काढून ते लिहून दाखविणे अशक्य आहे. शून्य आहे, पण ते 'मूळ' काढून सापडत नाही. या एका वाक्यात दोन शब्दांतील अंतर आले. बीजगणिताने शून्ये शोधणे म्हणजे मुळांच्या द्वारे शून्यांपर्यंत जाणे. आणि हा मार्ग चौथ्या घातापलीकडे सर्वत्र नेत नाही.

५

आता हे शब्द मराठी शाळेत कसे आले ते पाहू. १८२० नंतरच्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथांवरून मराठी पुस्तके सिद्ध केली. त्यानंतर बाळशास्त्री जांभेकर यांनी कलनशास्त्रावर 'शून्यलब्धी' या नावाचे पुस्तक लिहिले. नाव अर्थपूर्ण आहे. आज कोणी ते प्रथमच ऐकले तर फलनाचे शून्य मिळविणे असाच अर्थ करील. पण बाळशास्त्र्यांच्या मनात शून्याकडे झुकणाऱ्या राशींचे गणित होते. शास्त्रीय शब्द घडविताना शून्य हा शब्द किती निरनिराळ्या दिशांनी खेचला गेला, याचे ते उत्तम निदर्शक आहे.

मराठवाड्यात मात्र ही मराठी परिभाषा सरळ मार्गाने आली नाही. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे माध्यमिक व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग स्थापन झाला आणि त्यानंतर उस्मानिया विद्यापीठाने गणितासह सर्व आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकविण्यास प्रारंभ केला. एका भारतीय भाषेतून उच्च गणित शिकविण्याचा हा प्रयत्न शास्त्रीय दृष्ट्या आदरणीय होता. ज्यांची मातृभाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी होती त्यांच्यावर मात्र त्याचा भार पडला, हेही तितकेच खरे. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगावसारख्या गावातील मुलगा त्या काळी पुढे शिकावयास गेला तर बीजगणितास 'जब्र-ओ-मुकाबला', समीकरणास 'मुसावात', मुळास 'जज्र' आणि शून्यास 'सिफर' म्हणावयास शिकत असे. यांतील 'सिफर' हा शब्द 'शून्य' म्हणजे रिकामे याच अर्थाचा अरबी अनुवाद होय. आणि 'जज्र' म्हणजे वर वर्णिलेला जिज्रच. पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्याने जो अर्थ इंग्रजीच्या मार्गाने 'मूळ' या शब्दात घेतला, तोच अर्थ मराठवाड्यातील विद्यार्थ्याने अरबीच्या जवळच्या वाटेने 'जज्र' या शब्दात घेतला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शाळेची भाषा मराठी झाली. १९६० मध्ये राज्यात भाषा संचालनालय निघाले व परिभाषेच्या प्रमाणीकरणास राजमान्यता लाभली. नांदेड येथे १९९४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर नायगाव, बिलोली, देगलूर, मुखेड या तालुक्यांतील विद्यार्थ्यास उच्च शिक्षण हाताशी आले. परंतु विज्ञान शाखेत अकरावीपासून गणिताची भाषा व्यवहारतः इंग्रजी झाली. अशा प्रकारे एकाच कुटुंबात आजोबांचे 'जज्र', वडिलांचे 'मूळ' आणि नातवाचे 'रूट' व 'झिरो' अशी परंपरा संभवते. शब्द बदलला की कल्पनाही पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. आणि ज्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, तेथे ती शिकविणारा शाळेबाहेर कोणी नसतो.

६

भाषेच्या अभ्यासकाने या स्थितीत काय सुचवावे? पहिली सूचना ही की, तीन नावांतील भेद वर्गात स्पष्टपणे सांगावा. शाब्दिक उदाहरणात आपण मान शोधतो. म्हणून उत्तर प्रश्नाशी ताडून पाहावे लागते. शेताची लांबी ऋण आली तर विद्यार्थी ती खोडतो. का खोडतो हे मात्र त्यास सांगता येत नाही. मान आणि मूळ यांतील भेद त्यास सांगितला तर ते सांगता येईल, आणि आपण साडेआठ शतकांपूर्वीच्या एका विवेकी निर्णयाचीच पुनरावृत्ती करीत आहोत हेही कळेल.

दुसरी सूचना 'शून्य' या शब्दाविषयी आहे. 'या फलनाचे शून्य पाच आहे' हे वाक्य मराठी कानास विपरीत वाटते. शून्य पाच कसे असेल? शून्य तर शून्यच. विद्यार्थ्याचा हा संभ्रम बुद्धिमांद्याचा नसून भाषाज्ञानाचा पुरावा आहे. संख्या आणि ती संख्या जेथे प्राप्त होते ते स्थान, अशा दोन वस्तूंना एकच नाम दिल्याने हा घोटाळा होतो. इंग्रजीतही हा दोष आहे. तो आपण भाषांतरात जसाच्या तसा उचलला. हिंदी पाठ्यपुस्तकांनी येथे अधिक विचार केलेला दिसतो. त्यांत बहुपदाच्या शून्यास 'शून्यक' म्हणतात. 'क' या प्रत्ययाने संख्या आणि स्थान वेगळी झाली. मराठीत 'शून्यक' घ्यावा किंवा 'शून्यस्थान' हा अधिक पारदर्शक सामासिक शब्द रूढ करावा. 'पाच हे या फलनाचे शून्यस्थान आहे' या वाक्यावर कोणाही विद्यार्थ्याचे मन अडखळणार नाही.

तिसरी सूचना इतिहासाची आहे. प्राचीन भारतीयांस सर्व काही ठाऊक होते असे म्हणणे, आणि त्यांस ऋण मुळे स्वीकारता आली नाहीत म्हणून त्यांचे गणित अपुरे ठरविणे, या दोन्ही भूमिका एकाच चुकीतून जन्मतात. दोन्हींत आजचा शब्द कालच्या ग्रंथावर लादला जातो. भास्कराचार्य मान शोधीत होते आणि ते त्यांनी अचूक शोधले. देकार्त मुळे मोजीत होते. आबेल यांनी मुळांच्या सामर्थ्याची सीमा आखली आणि शून्याचे अस्तित्व तिच्या पलीकडेही आहे हे त्यामुळे स्पष्ट झाले. प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या शब्दात आहे. म्हणून प्रश्न समजून घ्यावयाचा तर आधी शब्द समजून घेतला पाहिजे.

पाथरीच्या सूर्यदासांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथावर टीका लिहिली, म्हणजे चार शतकांपूर्वीच्या शब्दांचा अर्थ आपल्या काळातील शिष्यांसाठी उलगडून दाखविला. आपल्या विभागातील गणित आणि भाषा यांच्या अध्यापकांपुढे आज तेच कार्य आहे. नायगावच्या शाळेतील विद्यार्थ्यास मान, मूळ आणि शून्यस्थान हे तीन शब्द तीन अर्थांनी देता आले, तर पुढे त्यास इंग्रजीतील 'रूट' आणि 'झिरो' भेटतील तेव्हा ते नवे म्हणून नव्हे, ओळखीचे म्हणून भेटतील.